पैसा मार्चमध्ये, गोचीड डिसेंबरात: हिवाळी अधिवेशनाला येणाऱ्या आमदारांना खुले पत्र

प्रति,
कर्नाटक विधिमंडळाचे सर्व सदस्य, विशेषतः बेळगाव जिल्ह्यातले १८ आमदार,
तसेच बेळगावातल्या विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे प्रमुख यांस

विषय: जिल्ह्यातलं वैद्यकीय संशोधन आणि त्यात राबणारी तरुण मुलं टिकावीत यासाठी पूल निधी (अनुदानाचा हप्ता येईपर्यंत उसने पैसे देणारा निधी), खरेदीचे नियम आणि वेळापत्रक

स. न. वि. वि.

हलग्याच्या माळावर २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध उभं राहिलं, तेव्हापासून बहुतेक दर हिवाळ्यात अख्खं सरकार बेळगावला येतं. उसाचा दर, म्हादईचं पाणी, सीमाप्रश्न, उत्तर कर्नाटकाचा अनुशेष यांवर बोललं जातं, आणि जायलाच हवं. आमचा विषय त्या यादीत कधी नसतो. प्रयोगशाळेत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खानापूरच्या रानात जे संशोधन चालतं, ते पैसा कमी म्हणून अडतंच. पण पैसा अवेळी येतो म्हणून त्याहून जास्त अडतं. पैसा वाढवणं बरंचसं दिल्लीच्या हाती आहे. अवेळ दुरुस्त करणं मात्र तुमच्या हाती आहे, आणि त्याला खर्चही फार नाही.

आधी इथं काय होऊ शकतं ते सांगतो, कारण बेळगावच्याही बऱ्याच लोकांना ते ठाऊक नसतं.

बाळंतपणानंतर किती रक्त गेलं हे नजरेनं अदमासे सांगायची जगभर रीत होती. अदमास चुकतो. कापसात, साडीत, चादरीत मुरलेलं रक्त कुणी धरत नाही. इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांच्या गटानं यासाठी प्लॅस्टिकची एक चादर बनवली. बाळ बाहेर आलं की ती बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायची, वरचे बंद पोटाला बांधायचे. खालचा भाग नरसाळ्यासारखा निमुळता होत पिशवीत उतरतो आणि त्या पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा असतात. रक्त जमतं, बाळंतपण करणारी ताई रेघ वाचते. १२३ बाळंतिणींवर तुलना केली, तेव्हा नजरेचा अंदाज पिशवीच्या मापापेक्षा ३३ टक्के कमी निघाला.

याच मापाच्या आधारानं २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या ग्रामीण भागात १६२० बायकांवर मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या गोळ्यांची चाचणी झाली. गोळ्या देणाऱ्या होत्या एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) ताई, आणि बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात झालेली. ६०० मायक्रोग्रॅमच्या एका मात्रेनं जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या वापरासाठी मिसोप्रोस्टॉल आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं, तेव्हाच्या पुराव्यात बेळगावची चाचणी होती. पुढं २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत, ८० रुग्णालयांत, रेघांची अशीच चादर वापरून लगेच उपचार सुरू करायची पद्धत तपासली गेली आणि गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले.

प्लॅस्टिकच्या त्या चादरीला फारसा खर्च येत नाही. खरा खर्च होतो ताईंच्या प्रशिक्षणावर, प्रत्येक बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांपर्यंत जाणाऱ्या माणसांवर, नोंदी तपासणाऱ्या मुलांवर, आणि तो वर्षानुवर्षं न थांबता करावा लागतो. हा पैसा बराचसा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडून यायचा. तिच्या माता-बाल आरोग्याच्या जागतिक जाळ्यात बेळगाव २००१ पासून होतं. मे २०२५ मध्ये त्या संस्थेनं परदेशी संस्थांना पोटअनुदान (मुख्य अनुदानातला वाटा) देण्याची जुनी पद्धत थांबवली. आपल्याकडे २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय देणगी एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेनं पैसे आणायचे आणि निपाणीच्या किंवा अथणीच्या छोट्या संस्थेसोबत वाटून काम करायचं, हा रस्ता बंद झाला. बाहेरचा झरा आटत असताना घरातली विहीर तरी वेळेवर भरली पाहिजे.

ती वेळेवर का भरत नाही, हे माकडतापाच्या उदाहरणानं नीट समजतं.

गोचिडी चावल्यानं होणारा क्यासनूर जंगलातला हा ताप १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात सापडला. २०१५-१६ पर्यंत तो गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोहोचला होता, आणि गोव्यातल्या काजू कामगारांमध्येही सापडला. चोर्ला घाटाच्या आसपास खानापूर, सत्तरी आणि दोडामार्ग एकमेकांना भिडतात. काजूच्या दिवसांत माणसं या हद्दी रोज ओलांडतात, माकडं आणि गोचिडी तर हद्द जाणतच नाहीत. जुनी लस पुरेशी परिणामकारक नसल्यानं २०२२ मध्ये कर्नाटकानं बंद केली. नवी लस येईल तेव्हा ती कुठल्या गावांत आधी द्यायची, हे आज रानात जमवलेल्या नोंदींवरच ठरेल.

त्या नोंदी जमवायची रीत साधी आहे. पांढऱ्या फ्लॅनेलचं मीटरभर कापड काठीला बांधायचं, पाचोळ्यावरून हळू ओढायचं, ठराविक अंतरावर थांबून उलटून पाहायचं. गोचिडीची खसखशीएवढी पिल्लं बारीक चिमट्यानं उचलून कुपीत टाकायची. कापड पांढरंच हवं, गडद कापडावर ती दिसत नाहीत. सकाळी दव असताना कापड भिजतं आणि पिल्लं नीट चिकटत नाहीत, म्हणून दव ओसरल्यावर निघायचं. मग जात आणि अवस्था ओळखून गट करायचे, प्रत्येक कुपीवर जागा आणि तारीख घालायची, कुप्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवायच्या, आणि प्रयोगशाळेत आरएनए काढून विषाणू आहे का हे पाहायला आरटी-पीसीआर करायचं. टाकीतला नायट्रोजन वापर नसला तरी उडत राहतो. तो वेळेवर भरला नाही, तर तीन महिन्यांची फिरती फुकट जाते.

पाऊस सरला की ही पिल्लं वाढू लागतात आणि डिसेंबर ते मे हा माणसांना ताप येण्याचा काळ. म्हणून वनखात्याची परवानगी, साहित्य आणि माणसांचं प्रशिक्षण ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत उरकायला हवं. आता पैशांचं वेळापत्रक पाहा. ३१ मार्च ऐन हंगामात येतो. त्या दिवशी खात्यात जे शिल्लक असेल ते एकल कोषागार पद्धतीत (अनुदानाचा पैसा सरकारी तिजोरीतच ठेवण्याच्या रीतीत) परत जातं किंवा गोठतं. मग लेखापरीक्षण, विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला), खर्चाचं विवरण, प्रगती अहवाल. कागद मे-जूनमध्ये जातात आणि पुढचा हप्ता बहुतेकदा दिवाळीच्या आसपास, कधी थेट पुढच्या मार्चमध्ये येतो. आला की महिन्याभरात संपवा असा निरोप असतो. एप्रिल-मेमध्ये, जेव्हा माणसं काजूच्या रानात असतात आणि तापाचे रुग्ण येत असतात, तेव्हा जीपला डिझेल नसतं आणि मुलांना विद्यावेतन नसतं.

याचा परिणाम पैशांपुरता राहत नाही. तीन हंगामांच्या अभ्यासात एका हंगामाचे दोन महिने गळाले, की पुढं आकडा कमी दिसला तर गोचीड कमी झाली की आपल्या फेऱ्या कमी झाल्या, हे सांगता येत नाही. तो अभ्यास छापायला कुणी घेत नाही, आणि घेतला तरी त्यावर लसीचा निर्णय घेऊ नये.

आता मुलांविषयी. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या दरानं कनिष्ठ संशोधन छात्राला महिना ३७,००० आणि वरिष्ठाला ४२,००० रुपये आहेत, वर घरभाडं. ही रक्कम वाईट नाही. पण सहा-सहा महिने काहीच हाती येत नाही आणि मग एकदम थकबाकी येते, तेव्हा टिळकवाडीत खोली घेऊन राहणाऱ्या, घरी पैसे पाठवणाऱ्या मुलाला त्या थकबाकीचा उपयोग उधारी फेडण्यापुरताच. मुली आधी गळतात, कारण घरचे म्हणतात, पगारच नाही तर कशाला राहतेस तिथं. मुलं गोव्याच्या किंवा पुण्याच्या औषध कंपन्यांत गुणवत्ता तपासणीला लागतात. त्यांना दोष देता येत नाही. पण एक प्रशिक्षित हात गेला की नव्या मुलाला आरएनए न तुटता काढायला, नळीनळीत तेवढंच माप टाकायला, रिकाम्या नियंत्रण-नळीत खोटा संकेत आला तर दूषितता कुठून आली ते शोधायला महिने लागतात. तोवर किटची मुदत संपते.

दुसरी अडचण मुदतीची. प्रकल्प साधारण ३६ महिन्यांचा आणि पीएचडी पाच वर्षांची. त्यातले पहिले सहा-आठ महिने नीतिसमिती (माणसांवरच्या संशोधनाला मान्यता देणारी समिती), वनखातं, भरती आणि खरेदी यांत जातात. नरक्याचं पाहा. आपल्या घाटातल्या या झाडात कॅन्सरवरच्या औषधांचं मूळ असलेलं कॅम्प्टोथेसिन आहे, हे भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दाखवलं. झाडं बेसुमार तोडली गेली. आता चांगलं प्रमाण देणारी रोपं निवडून लावायची, तर झाड वाढू द्यावं लागतं. तीन वर्षांत रोप कमरेला लागत नाही तोच प्रकल्प बंद होतो, छात्र जातो आणि रोपांना पाणी घालायलाही माणूस उरत नाही.

यावर आम्ही मागतो तो उपाय असा. जिल्ह्यासाठी एक फिरता पूल निधी हवा. २० छात्रांचं सहा महिन्यांचं विद्यावेतन ३७,००० रुपयांप्रमाणे ४४ लाख ४० हजार होतं. दहा प्रकल्पांना रसायनं, नायट्रोजन आणि प्रवासासाठी प्रत्येकी एक लाख धरले तर आणखी १० लाख. घरभाडं आणि वरिष्ठांचा फरक धरून ६५ लाखांत भागतं. हा पैसा खर्ची पडत नाही, फिरतो. अनुदानाचा हप्ता आला की आधी निधीची परतफेड. पात्रतेला तीनच कागद पुरेत: चालू मंजुरीपत्र, विनियोग प्रमाणपत्र पाठवल्याची पोच, नीतिसमितीची मुदतीतली मान्यता. कागद आल्यापासून १५ दिवसांत पैसे छात्राच्या खात्यात. प्रकल्प मध्येच रद्द झाला तर बुडीत रक्कम तीन महिन्यांच्या विद्यावेतनापुरती मर्यादित.

अडेल ते परतफेडीपाशी, हे आधीच सांगून ठेवतो. केंद्राच्या सार्वजनिक वित्त प्रणालीत पैसे थेट छात्राला किंवा विक्रेत्याला जातात. संस्थेनं आधी स्वतःच्या खिशातून दिलेले तिला परत घ्यायचे, तर लेखापाल हरकत घेतो. म्हणून मंजुरीच्या वेळीच निधी देणाऱ्या खात्याकडून 'मातृसंस्थेनं केलेला खर्च भरून घेता येईल' असं लेखी मागून घ्यावं लागेल. हे काम संस्थाप्रमुखांचं आहे, एकट्या तरुण संशोधकानं पत्र पाठवून ते होत नाही. निधीतला अर्धा वाटा राज्यानं द्यावा आणि अर्धा संस्थांनी त्यांना प्रकल्पांतून मिळणाऱ्या ओव्हरहेडमधून, म्हणजे संस्थेच्या व्यवस्थापन खर्चाच्या रकमेतून. राज्याच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या व्हिजन ग्रुपचं तरुण संशोधकांसाठीचं बीजभांडवल चांगलं आहे. ते जूनच्या आत सुटेल एवढं बघितलं तरी पुष्कळ.

खरेदीचंही तसंच. जून २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयानं वैज्ञानिक विभागांखालच्या संस्थांना मोकळीक दिली. वैज्ञानिक साहित्य जेम पोर्टलच्या (सरकारी खरेदीच्या संकेतस्थळाच्या) बाहेर घेण्याचे अधिकार प्रमुखांना मिळाले, कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा एकवरून दोन लाख आणि खरेदी समितीची दहावरून पंचवीस लाख झाली. राज्याच्या विद्यापीठांना आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना मात्र १९९९ चा राज्याचा खरेदी पारदर्शकता कायदा लागतो. त्यातल्या कलम ४ मध्ये सूट देण्याची सोय आहे. संशोधनाच्या रसायनांना आणि जैविक साहित्याला ती सूट अधिसूचनेनं द्या. प्रतिपिंड (अँटिबॉडी) हे टेबल-खुर्चीसारखं सर्वांत कमी दराला घेण्याचं सामान नाही. स्वस्तातलं दुसऱ्या कंपनीचं आलं की आधीचे निकाल त्याच्याशी जुळत नाहीत, आणि प्रयोग पहिल्यापासून करावा लागतो. केंद्राकडून मिळणारी पाच टक्के जीएसटीची सवलतही जुलै २०२२ पासून गेली. दहा लाखांचं यंत्र तेव्हा साडेदहा लाखांना पडायचं, १८ टक्के लागले की ११ लाख ८० हजारांना. अनुदान मात्र तेवढंच राहिलं. राज्याचा प्रतिनिधी जीएसटी परिषदेत बसतो, त्यानं हे तिथं मांडावं.

बेळगावात माल येण्याची वेगळी गोष्ट आहे. एन्झाइम बेंगळुरूहून कोरड्या बर्फात निघतं. थर्माकोलच्या खोक्यातला कोरडा बर्फ रोज काही किलो उडतो. शुक्रवारी निघालेलं खोकं शनिवारी संध्याकाळी पोहोचतं, आवक-जावक विभाग बंद असतो, आणि सोमवारी उघडतं तेव्हा आत बर्फ नसतो. ऑर्डरवरच 'सोमवार किंवा मंगळवारीच पाठवावे' असं छापावं, आणि आलेलं खोकं रजिस्टरच्या आधी फ्रीझरकडे जावं. फुकट होणारी सुधारणा आहे.

फ्रीझरवर थोडं थांबतो, कारण एखाद्या प्रयोगशाळेची दहा वर्षांची मेहनत त्या एका कपाटात असते. उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन कॉम्प्रेसर एकामागोमाग काम करतात. पावसाळ्यात वीज जाते-येते, परत येताना दाब कमी असतो, कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतो आणि ट्रिप होतो. जनरेटर असला तरी रविवारी पहाटे तो चालू झाला की नाही ते पाहायला कुणी नसतं. म्हणून सर्वो स्टॅबिलायझर हवा, वीज आल्यावर काही मिनिटं थांबून सुरू करणारी सोय हवी, आणि दोघांच्या मोबाइलवर वाजणारा गजर हवा. मागची जाळी महिन्याला झाडायची, दाराच्या रबरावरचा बर्फ खरवडायचा, खोली तिशीच्या वर तापू द्यायची नाही. अर्धा रिकामा फ्रीझर वीज गेल्यावर लवकर तापतो, तेव्हा रिकाम्या कप्प्यांत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवायच्या. बरेच नमुने उणे ७० लाही टिकतात आणि वीज सुमारे ३० टक्के वाचते.

हे सगळं माणसाला पगार असेल तर होतं. अनुदानात यंत्राला पैसे असतात, हमीची मुदत संपल्यावरच्या देखभाल कराराला नसतात. बेंगळुरूचा इंजिनिअर ५०० किलोमीटरवरून येतो, त्याच्या एका फेरीला मंजुरी मिळेपर्यंत यंत्र झाकून पडलेलं असतं. शहरातल्या संस्थांनी सगळ्या मोठ्या यंत्रांचा एकत्र देखभाल करार केला, तर तोच इंजिनिअर एका फेरीत सगळीकडे जाईल. त्यासोबत दोन कायम तंत्रज्ञांची पदं राज्यानं मंजूर करावीत. अकरा महिन्यांच्या करारावरचा तंत्रज्ञ यंत्र ओळखू लागतो तोवर त्याचा करार संपतो.

शेवटचा मुद्दा संमतीपत्राचा. तो इतर जिल्ह्यांपेक्षा आपल्याकडे जास्त भिडतो. खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यांत एकाच उपकेंद्रात मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या बायका येतात. माणसाला कळणाऱ्या भाषेत माहिती देणं हे नीतीच्या नियमांनी बंधनकारक आहे. वाचता न येणाऱ्या व्यक्तीच्या संमतीला त्रयस्थ साक्षीदाराची सही लागते. आराखड्यात एक ओळ बदलली, की तिन्ही भाषांत पुन्हा अनुवाद, उलट अनुवाद, नवी आवृत्ती आणि तारीख, पुन्हा समिती. याला अंदाजपत्रकात रकानाच नसतो. मग घाईत केलेल्या मराठी पत्रात 'यादृच्छिक वाटप' असं छापलं जातं. ते खानापूरच्या रानातल्या कंकुंबीच्या बाईला कळत नाही आणि वाचून दाखवणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही. 'चिठ्ठी उचलल्यासारखं, कुणाला कुठली गोळी हे संगणक ठरवेल, डॉक्टर नाही आणि तुम्हीही नाही' असं लिहिलं की कळतं. '५ मिलि रक्त' याला 'चहाचा एक चमचा' म्हटलं की भीती जाते. बेळगावातल्या नीतिसमित्यांनी मिळून अशा तीसचाळीस वाक्यांचा तीन भाषांतला एक संच करावा आणि सगळ्यांना खुला ठेवावा. यात भाषेचं राजकारण आणू नये. ज्या बाईला कागद कळला नाही तिची संमती संमती नसते, आणि तिच्या रक्तावर काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

आमदारांना विनंती एवढीच, की या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न विचारा. बेळगाव जिल्ह्यात राज्य किंवा केंद्राच्या अनुदानावर काम करणारे किती संशोधन छात्र आहेत, त्यांतल्या किती जणांचं विद्यावेतन तीन महिन्यांहून जास्त थकलं आहे, आणि प्रत्येक प्रकल्पाचा मागचा हप्ता कुठल्या तारखेला मागितला व कुठल्या तारखेला आला? उत्तर संस्थानिहाय आणि तारखांसह मागा. संस्थाप्रमुखांनीही ते उत्तर येण्याची वाट न बघता हीच यादी आपल्या सूचनाफलकावर लावावी. पूल निधीचा मसुदा, हिशेबाचा तक्ता आणि परतफेडीच्या पत्राचा नमुना आमच्याकडे तयार आहे. तुम्ही सांगाल त्या दिवशी तो घेऊन हलग्याला येतो.

कळावे,
आपले,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागांत वैद्यकीय संशोधनाचं काम करणारे संशोधक, छात्र आणि तंत्रज्ञ